वाफ्यातला पाला कोण नेतं?

२ जून, रात्र.
बागेत क्रांती. वांग्याच्या वाफ्यांवर बदामाच्या वाळक्या पानांचं आच्छादन, चांगलं चार बोटं जाड. व्हिडिओत सांगितलंय, पाणी कमी लागतं, तण येत नाही. श्रीरामपुरात हे करणारा मी पहिलाच असणार. शेजारचे आप्पासाहेब संध्याकाळी भिंतीवरून आमच्याकडचा रोजचा चहाचा कप घेताना वाफ्यांकडे बराच वेळ बघत होते. का?

२४ जून.
आच्छादन तीन बोटं. वारा म्हणावा, तर अंगणात एक पान उडालेलं नाही. दमयंती म्हणते, दबलं असेल. हिला सगळं सरळच दिसतं.

९ जुलै.
दोन बोटं! कुणीतरी रोज थोडा थोडा पाला नेतंय. एकदम नेत नाही, म्हणजे मुरलेला आहे. आप्पासाहेबांना सहज विचारून पाहिलं. हसत सुटले. म्हणाले, दत्तोपंत, माझ्या शेतात उसाचं पाचट लई पडलंय, तुमचा पाला नेऊन काय करू? एवढं हसण्यासारखं काय होतं? लक्षात ठेवलंय.

१० जुलै.
पानांवर दमयंतीच्या नेलपॉलिशचे लाल ठिपके दिले. आता चोर सापडलाच. बाटली संपली. तिला सांगितलेलं नाही.

२७ जुलै.
ठिपकेवाली पानं गायब! आप्पासाहेब बाहेर गेल्यावर त्यांच्या अंगणातल्या कुंड्या तपासल्या. त्यांच्या मिसेस रतनबाईंनी पाहिलं. मांजर शोधतोय म्हणालो. आमच्याकडे मांजर नाही हे त्यांना माहीत आहे.

२८ जुलै.
स्पष्ट बोललो. गल्लीतली माणसं जमली, साक्षीदार झाले ते बरंच. ‘पालाचोर’ म्हणायला नको होतं, पण तोंडातून गेलं. आप्पासाहेब या वेळी हसले नाहीत. म्हणाले, बरं, आजपासून तुमचा चहा नको. ही कबुलीच झाली.

१६ ऑगस्ट.
वांग्यांच्या भाराने झाड वाकलं, म्हणून काठी रोवायला खणलं. माती काळी, भुसभुशीत, गांडुळंच गांडुळं. त्यात कुजलेल्या पानांचे तुकडे. त्यांवर लाल ठिपके. दमयंती वाकून म्हणाली, पाला मातीनेच खाल्लाय, आणि माझं नेलपॉलिश तुम्ही. गांडुळं भिंतीखालून त्यांच्याकडून आली असावीत, असं मनात आलं. बोललो नाही. एकट्याने चहा घ्यायला मुळीच बरं वाटत नाही.

१७ ऑगस्ट, संध्याकाळ.
पिशवीभर वांगी घेऊन माफी मागायला गेलो. रतनबाईंनी दार अर्धंच उघडलं. म्हणाल्या, ते घरी न्हाईत, शेतावर गेलेत. वांगी घेतली नाहीत. आप्पासाहेबांच्या चपला दारातच होत्या. आतून खोकल्याचा आवाज आला, त्यांचाच.

शेतावरच गेले असतील. यात संशय घेण्यासारखं काही नाही.