पाण्यातल्या तेवीस जोड्या

४ जून
आज रुजू झाले. प्रयोगशाळा झकास आहे: मोठ्या खिडक्या, नवं यंत्र, बरी कॉफी. माणसं मात्र यथातथाच. माणसाच्या डीएनएची तीन अब्ज अक्षरं वाचायचं काम यांच्याकडे, आणि यांना वापरलेले हातमोजे टोपलीत टाकता येत नाहीत. सरावाला नव्या माणसाचंच रक्त घेतात. माझं घेताना मुख्य तंत्रज्ञ, ज्यांना सगळे काका म्हणतात, म्हणाले, पोरी, एवढा ताठा कुठल्या अक्षरांत लिहिलाय ते कळेल आता. स्वतःच हसले.

५ जून
प्रत्येक फेरीत एका नळीत नुसतं शुद्ध पाणी असतं. त्यात काही सापडलं, तर कुणाच्या तरी हातून घाण मिसळली असं धरायचं. आज सापडलं. काकांनी सांगितलं, निकाल पूस आणि गप्प बस. असल्या लोकांत दिवस काढायचे! मी न पुसता सगळ्यांच्या नोंदींशी ताडून पाहिलं. गुणसूत्रांची एकच जोडी, पण माझी.

६ जून
ढिसाळपणा कुणाचा? माझा नक्कीच नाही. नवी बाटली, नवे हातमोजे, पाणी मी ओतलं. पाण्यात माझ्या चार जोड्या. रक्तात तेवढ्याच कमी. काका म्हणाले, चार जोड्या गाळून माणूस जगत नाही, ताईसाहेब, यंत्र तपासा. ज्यांना लेबल सरळ चिकटवता येत नाही, ते मला शिकवणार.

९ जून
यंत्र ठीक आहे. काकांचं रक्त लावलं: तेवीसच्या तेवीस जोड्या. माझं पुन्हा काढलं. पाण्यात अकरा, रक्तात बारा.
आईला फोन केला. माझं सगळं ऐकून घेतल्यावर तिने विचारलं, आपण कोण बोलताय? आईने मला जन्मात कधी ‘आपण’ म्हटलेलं नाही.

११ जून
पाण्यात एकोणीस. निकाल पुसले, नळी फोडली. नव्या नळीत वीस.
काका माझ्या मांडीवर खोकं ठेवून गेले. रिकाम्या खुर्चीवर ठेवावं तसं. मी ओरडले, तर त्यांनी खिडकी लावून घेतली. बावळट म्हातारा.
आईला मेसेज टाकला. ये म्हटलं. बघून तरी ओळखेल.

१२ जून
बावीस. एक जोडी उरली आहे —

आई आली. माझ्या शेजारून सरळ पुढे गेली, नळ्यांच्या स्टँडपाशी. पाण्याची नळी उचलून दोन्ही हातांत धरली. किती वाळलीस गं, म्हणाली. तिला —

मूर्ख बाई, इकडे बघ. मी इथे, अजून एक जोडी माझ्यात