ऊसतोडीच्या फडातलं जलदान

माय, तू गेलीस त्याला किती वर्षं झाली, तरी उसानं भरलेला ट्रॅक्टर शेजारून गेला की मला तो दुष्काळाचा हंगाम आठवतो. बाप आधीच गेलेला, दादा औरंगाबादला कॉलेजात. ऊसतोडीत नवराबायकोच्या जोडीला एक कोयता म्हणतात; आपण दोघी मायलेकी मिळून एक कोयता झालो होतो. आपल्या गावात, बेंबळीत, प्यायला पाणी उरलं नाही तेव्हा टोळीबरोबर ढोकीच्या कारखान्याकडं आलो. तू ऊस तोडायचीस, मी मोळ्या बांधायचे. दादा साहेब झाला की कोयता विहिरीत टाकायचा, असं तू म्हणायचीस. आधी विहिरीत पाणी तरी येऊ दे, असं मी म्हणायचे, आणि आपण हसायचो. तेव्हा आपल्याला हसू येत होतं.

एका दुपारी पाचट तुडवत एक उंच, काळा परदेशी तरुण येताना दिसला. त्याच्या डोक्यावर दादाची पत्र्याची पेटी होती. तू पेटी ओळखलीस आणि तो काही बोलायच्या आधीच कोयता टाकून खाली बसलीस. दादा काविळीनं गेला होता. निरोप गावाला गेला, आपण फडात. आपला ठावठिकाणा कुणाला सापडला नाही. हॉस्टेलच्या पोरांनीच सगळं उरकलं. हा आफ्रिकेतून शिकायला आलेला, दादाच्या खोलीत राहणारा. "माय, म्या लई पळलो. न्हाय वाचला त्यो," तो म्हणाला, आणि तू चमकून वर बघितलंस. त्याला मराठी दादानंच शिकवली होती. तोंड त्याचं, पण बोलण्याचा हेल सगळा दादाचा. तू त्याचा हात धरलास. "बोल रं बाळा. आजून बोल. कायबी बोल."

दादाबद्दलचं सगळं बोलून संपलं तेव्हा त्यानं पेटीतून टेपरेकॉर्डर काढला. हीच कॅसेट लावून ते दोघं अभ्यासाला बसायचे. गाणारा लांबच्या एका बेटावरचा, त्यानं सांगितलं; त्याच्या वाडवडलांना साखळदंडानं बांधून जहाजातून तिथं नेलेलं, उसाच्या मळ्यात राबवायला. तू विचारलंस, "म्हंजी ऊसतोड्यांच्याच घरातला?"

"व्हय, माय."

"मग परका कशाला म्हणायचा?"

टेपरेकॉर्डर तो आपल्याकडंच ठेवून गेला. तू भाकरी थापताना कॅसेट लावायचीस, सेल उतरले की आवाज जड व्हायचा, मग तू ते दगडावर उन्हात वाळत घालायचीस. टोळीतली माणसं आधी हसली. मग भीमगीतं म्हणणाऱ्यांनी डफावर तो ठेका उचलला, बायका डोक्यावर मोळी घेऊन त्याच ठेक्यावर गाडीपर्यंत जायला लागल्या. गाण्यातला शब्दही कुणाला कळत नव्हता, तरी संध्याकाळी आपल्या पाचटाच्या कोपीपुढं माणसं जमायची आणि म्हणायची, "लाव गं बाई आपल्या गड्याला." तू तेवढ्यापुरती माणसात यायचीस. बाकी दिवसभर दगड. दादासाठी तू एकदाही रडली नव्हतीस, माय, आणि मी रोज भीत होते.

हंगाम संपत आला तेव्हा तो मित्र पुन्हा आला. परीक्षा झाली होती, तो मायदेशी निघाला होता. जाता जाता त्यानं सांगितलं की तो गाणारा आजारपणात गेला, भर तरुणपणी. तू तोंडात पदर कोंबलास, आणि मग जो टाहो फोडलास, तो ऐकून पलीकडच्या फडातली माणसं धावत आली. "लेकाचं जलदान करता आलं न्हाय मला," तू म्हणत होतीस. "ह्याचं तरी करू द्या रे." मेलेल्याच्या नावानं सगळ्यांनी मिळून पाणी ओतायचं, आणि आपल्याजवळ नेमकं पाणीच नव्हतं. मुकादम पाठवायचा ती पाण्याची टाकी दिवसाआड यायची.

सकाळी कुणीच कोयता उचलला नाही. मुकादम मोटारसायकलवरून आला. "कोण कुठला गाणारा, त्याच्यापायी काम बंद ठेवता? उद्या पाणी मागू नका मला."

"नका देऊ," तू म्हणालीस. "आज हाय तेवढं आमचं हाय."

प्रत्येक कोपीतून तांब्या तांब्या पाणी आलं. बाबासाहेबांच्या फोटोपुढं मेणबत्ती लावली, वंदना झाली. तो मित्र आपल्या ओळीत हात जोडून बसला होता. तू ताटात धार धरलीस, त्या गाणाऱ्याचं नाव घेतलंस आणि त्याच दमात दादाचंही घेतलंस. मग टोळीतल्या एकेकानं दोन्ही नावं घेतली. डफ वाजला, कॅसेट लागली, माणसं रडत होती आणि पायानं ठेकाही धरत होती.

मुकादमानं शब्द पाळला. टाकी आली नाही, तान्ह्या लेकरांना घेऊन बायका उन्हातून लांबच्या मळ्यावर पाण्याला गेल्या, पण तुला कुणी बोल लावला नाही. पुढच्या हंगामात आपल्याला टोळीत घेतलं नाही. रोजगार हमीवर खडी फोडताना तुझी छाती भरली ती भरलीच. शेवटच्या दिवसांत तू एकच विचारायचीस, "माज्या लेकाला मरताना कुनी पाणी पाजलं आसंल का गं?" त्या मित्राला विचारायला हवं होतं. दोघींनाही सुचलं नाही. आता कुठं शोधू त्याला? कोणत्या देशात? मी कुणाला विचारू, माय?

काल धाराशिवला आपल्या पोरांनी त्या गाणाऱ्याची जयंती केली. डफ होता, गिटार होती, अंगात त्याचं चित्र छापलेले शर्ट. माझ्याबद्दल कुणीतरी सांगितलं असेल, मला मानानं नेलं, पुढं बसवलं. पोरं बेभान नाचत होती. एकीनं हात धरला आणि मीही उठले. ह्या वयात नाचले, माय, श्वास लागेपर्यंत नाचले.

घरी येऊन हे लिहायला बसले ते एवढ्याचसाठी. ज्याच्यापुढं बोलावं असं माणूस उरलं नाही, म्हणून तुझ्याशी बोलते. दादाचा एकही फोटो आपल्याकडं नव्हता. नाचता नाचता मी डोळे मिटले, त्याला आठवून बघितलं. त्या शर्टावरचाच चेहरा येत राहिला. दादाचा चेहरा मला आता आठवत नाही, माय.