तपासले, ८४ नग

पिपलानी, भोपाळ
रविवार, १४ सप्टेंबर २०२५

प्रिय निनाद,
अनेक आशीर्वाद.

आम्ही दोघी बऱ्या आहोत. पाऊस पडला की आईचा गुडघा कुरकुरतो आणि मग आई माझ्यावर कुरकुरते, म्हणजे सगळं जागच्या जागी आहे. यंदा आपल्याकडे गणपती नव्हते, तरी शेजारच्या पल्लवीने मोदक आणून दिले. आईने एकच खाल्ला. तुझ्या नव्या खेळाची खोकी गुरुवारी आली. पटाचा निळा रंग तुला हवा होता तसाच उतरलाय.

पत्र पाहून तू चक्रावला असशील. काल फोनवर मी दोनदा सुरुवात केली होती, पण तू पुण्यातल्या पाण्याच्या टँकरवर घसरलास आणि मी तुला घसरू दिलं. मला ते सोयीचंच होतं. कागदावर तशी पळवाट मिळत नाही.

‘नावाडी’ हा खेळ तू बनवलास, मी विकला, पण लोकांनी जीव लावला तो बाबांना. चाळीस वर्षं कारखान्याच्या तपासणी विभागात लोखंडाचे सुटे भाग तपासले, आणि निवृत्तीनंतर तोच चेहरा करून आपल्या लाकडी होड्या तपासायला बसले. प्रत्येक डब्यात त्यांच्या हातची चिठ्ठी: ‘तपासले, ८४ नग. – नी.’ कोणाची होडी हरवली तर स्वतः घासून नवी करायचे आणि सोबत पोस्टकार्ड पाठवायचे. खेळणाऱ्यांच्या ग्रुपवर त्यांचं नावच पडलं होतं, पर्चीवाले नानाजी.

खेळणाऱ्यांचे वाद तुला सोसत नाहीत म्हणून तू त्या ग्रुपवर नाहीस. ग्रुप माझ्याकडे. त्यामुळे काही गोष्टी तुला ठाऊक नाहीत. पहिली ही, की बाबा गेल्याचं मी तिथे अजून कळवलेलंच नाही.

तेराव्यानंतर तुला गाडीत बसवायला आले तेव्हा तू म्हणाला होतास, ताई, त्या लोकांना साध्या शब्दांत कळव. मी मान हलवली. पुढे फोनवर ‘कळवलं, सगळे हळहळले’ असंही ठोकून दिलं. खोटं होतं ते. जानेवारीत लोकांनी विचारलं तेव्हा ‘नानाजी आराम कर रहे हैं’ असं लिहिलं होतं. तेव्हापासून बाबा ग्रुपवर आरामच करताहेत. ‘जल्दी ठीक होइए’ म्हणणारी एकतीस पोस्टकार्डं आली. इटारसीच्या सरोज मालवीय म्हणून एक शिक्षिका दर महिन्याला लिहितात. आई सगळी कार्डं बाबांच्या खणात ठेवते आणि मला काही विचारत नाही.

आता का नाही कळवलं ते लिहिते.

डिसेंबरात तक्रारी आल्या. अकरा डब्यांत होड्यांची पिशवीच नव्हती. लोक डब्यांचे फोटो टाकत होते. एकाने लिहिलं की नानाजींची नजर अधू झाली असावी. मी त्या दिवशी टी. टी. नगरच्या प्रदर्शनात स्टॉलवर उभी होते, समोर गिऱ्हाइकं, हातात फोन. उचलली जीभ लावली टाळ्याला. कुठेतरी वाचलं होतं की प्रकाशकाने आढेवेढे न घेता चूक कबूल करावी आणि काय कारवाई केली तेही सांगावं. मला मोठ्या कंपनीसारखं दिसायचं होतं. मी लिहिलं:

‘असुविधा के लिए खेद है। चूक जाँच में हुई है। जाँच करनेवाले व्यक्ति को इस काम से हटा दिया गया है।’

पाच मिनिटांत माझं कौतुक सुरू झालं. कंपनी असावी तर अशी, वगैरे. बाबा त्याच ग्रुपवर आहेत हे माझ्या ध्यानातच नव्हतं. त्यांना तिथे घेतलं होतं मीच.

घरी येताना फोन पाहिला, तर बाबा ग्रुपमधून बाहेर पडल्याची ओळ दिसली. विचारलं, तर म्हणाले, चुकून बोट लागलं. दुसऱ्या दिवशी सकाळी चिठ्ठ्यांचं पॅड, पेन, चिकटपट्टी आणि कात्री माझ्या टेबलावर ओळीने मांडून ठेवली आणि म्हणाले, “चार्ज घे.” कारखान्यात निवृत्तीच्या दिवशी दिला असेल, तसाच दिला. मी घेतला. माफी मागितली नाही. उलट वाटलं, बरं झालं, आता होत नाही त्यांच्याने. तुला सांगितलं की बाबा थकलेत म्हणून काम सोडलं. सात आठवड्यांनी ते गेले.

त्यानंतर एकाही डब्यात चिठ्ठी गेली नाही. बाबा गेल्याचं लिहायला दहा वेळा तरी ग्रुप उघडला असेल. पण जिथे त्यांना काढून टाकल्याचं जाहीर केलं, तिथेच ‘आमचे लाडके नानाजी’ कोणत्या तोंडाने लिहू?

इथवर लिहिलेलं तरी निभावून नेलं असतं. नजर खरंच अधू झाली असेल, अशी समजूत होती माझी. पण गुरुवारी तुझ्या खोक्यांना जागा करताना दिवाळीत वाटायला छापलेल्या जाहिरातीच्या कागदांचं खोकं ओढलं. कागदांच्या गठ्ठ्यामागे होड्यांच्या पिशव्या होत्या. मोजल्या. अकरा.

बाबांनी तपासून बंद केलेले डबे मी पुन्हा उघडले होते, तो कागद आत सरकवायला. वरची पिशवी काढून बाजूला ठेवली असणार, मध्येच कोणाचा तरी फोन आला असणार. त्यांनी ‘८४ नग’ लिहिलं तेव्हा आत ८४ नगच होते.

पिशव्या आईपुढे नेऊन ठेवल्या. ती मेथी निवडत होती. तिने पिशव्यांकडे पाहिलं आणि म्हणाली, “त्यांना ठाऊक होतं.”

बाबा चिकटपट्टीचं टोक आत दुमडायचे, उघडणाऱ्याला नख लावावं लागू नये म्हणून. तक्रारीच्या फोटोंत एकाही डब्याचं टोक दुमडलेलं नव्हतं. आई म्हणाली, पहिल्याच फोटोत त्यांनी ओळखलं की डबा मागाहून कोणीतरी उघडलाय, आणि घरात दुसरं कोण होतं? मग मला सांगितलं का नाही, असं मी आईला विचारलं.

“मी म्हटलं होतं, सांगा तिला. तर म्हणाले, ती चारचौघांत बोलून बसलीय. आता शब्द फिरवला तर लोक तिच्यावर भरवसा ठेवायचे नाहीत. माझं काय, मी रिटायरच आहे.”

एवढं बोलून ती पुन्हा मेथी निवडू लागली. मी तिथेच जमिनीवर बसून रडले. सात आठवडे ते माझ्यासमोर बसून जेवले, निनाद. वरण छान झालंय म्हणाले. एकदाही माझ्याकडे वेगळ्या नजरेने पाहिलं नाही. तसं पाहिलं असतं तर मला आज इतकं जड गेलं नसतं.

आज सकाळी ग्रुपवर लिहिलं. तू म्हणाला होतास तसं, साध्या शब्दांत. नीळकंठ देशकर दोन फेब्रुवारीला गेले. डिसेंबरातली चूक त्यांची नव्हती, माझी होती. ते माझे वडील होते. त्यांनी तपासलेल्या डब्यात कधीही एक नग कमी नव्हता. आठ महिने मी तुमची कार्डं घेत राहिले, त्याबद्दल माफ करा. एवढंच. खाली काय उत्तरं आली ती मला वाचवेनात, म्हणून फोन आईकडे दिलाय. ती चष्मा लावून वाचतेय आणि मधूनमधून डोळे पुसतेय.

उद्या त्या पिशव्यांची अकरा पार्सलं ज्यांची त्यांना जातील. सरोजबाईंना वेगळं पत्र लिहीन. तू रागाव. तुझा तो हक्क आहे, आणि या वेळी मी उलट बोलणार नाही. फक्त दिवाळीला ये. आई तुझी वाट पाहते, आणि बाबांच्या खणातली कार्डं आपण तिघांनी बसून वाचायला हवीत असं मला वाटतं.

हा शेवटचा कागद त्यांच्या पॅडचा आहे.

तपासले. पाने चार. या वेळी आतलं काही बाहेर राहिलेलं नाही.

– मं.