खिडकी, काजळी आणि माझा बॅकलाइट

२ फेब्रुवारी
आजपासून फोटोग्राफी गांभीर्याने. कॅमेरा आला. क्लबचे प्रदर्शन महिनाअखेरीस, विषय 'घरातली सोबत'. सोबत आमच्याकडे आयतीच आहे, दोन मांजरी. पांढरी, अंगाने भरलेली राणीसाहेब आणि काळी, काडीसारखी काजळी. बाकीचे मेंबर समोरून उजेड घेऊन फोटो काढतात. त्यात कला कुठे? मी बॅकलाइट घेणार. म्हणजे मांजर खिडकीत, ऊन तिच्या पाठीमागे आणि मी आत अंधारात. मिशी न् मिशी सोन्याच्या तारेसारखी चमकली पाहिजे.
मुलगी म्हणाली, बाबा, आधी मॅन्युअल वाचा. मॅन्युअल ज्यांना दृष्टी नसते त्यांच्यासाठी असते.

३ फेब्रुवारी, सकाळी
ऊन फर्स्ट क्लास. मांजरी नाहीत. एरवी दिवसभर खिडकीत लोळणाऱ्या दोघी आज पलंगाखाली. लाडाने हाक मारली. राणीसाहेबांनी डोळे मिटून घेतले.
दुपारी ऑफिसात हिचा फोन. दोघी खिडकीत बसल्यात, मी काढू का फोटो? सांगितले, कॅमेऱ्याला हात लावू नकोस, दुपारचा उजेड सपाट असतो. हिने 'बरं' म्हणून फोन ठेवला. हिचे 'बरं' मला कधीच आवडलेले नाही.

५ फेब्रुवारी
पडद्यांमुळे उजेड अडतो. काढून टाकले. ही म्हणाली, आता अख्ख्या कॉलनीला आपण काय खातो ते दिसणार. मी म्हटले, आपण लपवण्यासारखे काही खात नाही. ही गप्प बसली. म्हणजे पटले.

८ फेब्रुवारी
यश. राणीसाहेब खिडकीत आल्या आणि क्लिक करायच्या क्षणी गेल्या. शेपटी मात्र अप्रतिम आली आहे.
ऑफिसला उशीर. साहेबांना सांगितले, घरातला नळ तुटला. साहेब म्हणाले, परवाही तुटला होता. आमच्याकडे नळ बरेच आहेत, असे सांगून वेळ मारून नेली.

१० फेब्रुवारी
खाण्याचा डबा वाजवून बघितला. दोघी धावत आल्या, पण खिडकीकडे नाही, माझ्याकडे. काजळी कॅमेऱ्यावर चढली. लेन्सवर नाकाचा ठसा. चूक मांजरींची नाही, चूक माझ्या दिसण्याची. मी दिसताच कामा नये.

११ फेब्रुवारी, सकाळी
कल्पना सुचली. हिची काळी शाल डोक्यावरून घेऊन जेवणाच्या टेबलाखाली पालथा पडलो. फक्त लेन्स बाहेर. काय सांगू, दोघी निवांत येऊन बसल्या. भराभर फोटो काढले. काजळी छोट्या स्क्रीनवर नुसती काळी दिसते, पण ती आहेच काळी. बाकीचे मोठ्या पडद्यावर बघू.
समोरच्या बिल्डिंगमधले दाताचे डॉक्टर त्यांच्या खिडकीत उभे राहून माझ्याकडे बराच वेळ बघत होते. मग मोबाइल वर धरून इकडे तिकडे सरकले. बहुतेक रेंज मिळत नसावी. मी शालीतूनच हात हलवला. त्यांनी खिडकी धाडकन लावून घेतली. उजेड थोडा बदलला, पण मी सांभाळून घेतले.

१३ फेब्रुवारी
डॉक्टरांकडे हिची अपॉइंटमेंट होती. तोंड उघडे ठेवायला लावून डॉक्टरांनी हिला सुनावले म्हणे. दातांनी दोरा तोडता, दात म्हणजे कात्री आहे का, वगैरे. शेवटी विचारले, तुमच्या मिस्टरांची तब्येत कशी आहे? हिने सांगितले, ठणठणीत. डॉक्टर म्हणाले, तीच काळजी आहे.
कौतुक असावे.

१५ फेब्रुवारी, सुट्टी
अतिशय अप्रिय सकाळ. सोसायटीचे सेक्रेटरी आले, सोबत डॉक्टर. डॉक्टर बसले नाहीत. म्हणाले, हे गृहस्थ रोज सकाळी शाल पांघरून माझ्या घरावर कॅमेरा रोखतात, मला खिडकीत उभे राहायची चोरी झाली आहे, माझ्याकडे पुरावा आहे. मोबाइलमधला फोटो त्यांनी सेक्रेटरींना दाखवला. सेक्रेटरी नको इतका वेळ त्याच्याकडे बघत राहिले. ही स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, चेहरा पांढराफटक. इतकी वर्षे ज्या कॉलनीत मान वर करून राहिलो तिथे हे ऐकावे लागावे.
मी शांतपणे म्हणालो, माझे फोटो बघा, त्यात मांजरांशिवाय काही निघाले तर कॅमेरा तुमच्या हवाली. मुलगी हळूच म्हणाली, बाबा, आधी आपण दोघं बघू या का? मी म्हटले, सत्याला रिहर्सल लागत नाही. तिने टीव्हीला जोडून दिले.
पहिला फोटो. डाव्या कोपऱ्यात काळा डाग. मधोमध, लख्ख, शर्टाच्या बटणांसकट, डॉक्टर. दुसरा फोटो. पांढरट धुके, म्हणजे राणीसाहेब. त्यांच्यापलीकडे डॉक्टर झाडांना पाणी घालताना. कॅमेऱ्याने फोकस परस्पर समोरच्या खिडकीवर नेला होता. सेक्रेटरी माझ्याकडे बघेनात. हिने डोळ्यांना पदर लावला.
मग पुढचा फोटो आला. त्यात डॉक्टर सोड्याच्या बाटलीचे झाकण दातांनी उघडत होते. त्याच्या पुढच्यातही. झाकण घट्ट असावे.
हिने पदर बाजूला केला, टीव्हीजवळ गेली, नीट बघितले आणि म्हणाली, "डॉक्टर, ही कात्री आहे की ओपनर?"
सेक्रेटरींना खोकला आला. डॉक्टर खुर्चीवर बसले. म्हणाले, फोटो मांजरांचेच आहेत हे दिसतेच आहे, तक्रार मागे घेतो. हिने चहा केला. जाताना त्यांनी माझा हात हातात घेऊन सांगितले, तेवढे डिलीट करा.
माझ्या कलेने सत्य बाहेर आणले. पण ही दिवसभर माझ्याशी बोलली नाही. संध्याकाळी एवढेच म्हणाली, आज जीव थाऱ्यावर नव्हता माझा. मी सॉरी म्हटले. पुटपुटलो, पण म्हटले.

१९ फेब्रुवारी
डॉक्टर वगळून उरलेल्यांतला सर्वोत्तम फोटो क्लबला पाठवला. शीर्षक 'कृष्णछाया'. परीक्षक दर्जाचे असतील तर अडचण नाही.

२४ फेब्रुवारी
क्लबचा फोन. त्यांनी विचारले, लेन्सचे झाकण काढायचे राहिले होते का? परीक्षकांचा दर्जा कळला.

२८ फेब्रुवारी
प्रदर्शनाला गेलो, प्रेक्षक म्हणून. ही आणि मुलगीही आल्या. पहिल्या नंबरच्या फोटोभोवती गर्दी. मान उंच करून बघितले. आमची खिडकी. उन्हात न्हालेल्या राणीसाहेब आणि त्यांना टेकून काजळी, दोघी थेट समोर बघताहेत. काजळीच्या अंगावरचा केस न् केस दिसतो आहे. मिशा सोन्याच्या. खाली डॉक्टरांचे नाव. पुराव्याचा फोटो सेक्रेटरींना इतका आवडला की त्यांनीच तो डॉक्टरांकडून मागून घेऊन क्लबला पाठवून दिला.
उजेड समोरून घेतलेला. ऊन माझ्या खिडकीचे, मांजरी माझ्या, पडदे मी काढलेले. म्हटले तर फोटो माझाच.
हिच्या डोळ्यांत पाणी आले. डॉक्टरांना म्हणाली, आमच्या पोरींचा इतका छान फोटो आजवर कोणी काढला नव्हता. डॉक्टरांनी फ्रेमसकट प्रिंट देऊन टाकली. हिने ती हॉलमध्ये लावली. माझ्याच हातून खिळा ठोकून घेतला.
रात्री शेजारच्या काकू बघायला आल्या. मांजरींचे कौतुक करून झाल्यावर त्यांनी विचारले, मागे टेबलाखाली काळे गाठोडे कसले गं?
ही म्हणाली, धुवायचे कपडे.
मी तिथेच होतो.