खरवड माझी, पाटी तिची

४ ऑक्टो., शनि.
डेट्रॉइट पिझ्झा जमला! चौकोनी, जाड, चीज थेट ट्रेच्या कडेपर्यंत, सॉस सगळ्यात वर. ट्रे आपला बर्फीचाच. कडेचं चीज जळून कुरकुरीत झालं, मी म्हटलं, ही तर खरवड! रुपालीला शब्दच माहीत नाही, तिच्या घरी खुरचन म्हणतात. "खरवड, खरवड" करत ट्रे खरडून एकटीने संपवली. कॉलेजपासून अशीच हावरट. दोघी रायपूरच्या पुढे कधी गेलो नाही, आणि दर शनिवारी अमेरिकेतलं एकेक गाव भाजून शेजारीपाजारी विकतोय.

११ ऑक्टो., शनि.
शिकागो. पातेल्याएवढा खोल, चीज खाली, सॉस वर. वरच्या मजल्यावरच्या काकूंनी परत पाठवला. "चीज टाकाचं विसरली वं तू!" पोट धरून हसलो. मग दोघींच्या दुकानासाठी गाळा घ्यायचं बोलणं. मनीषनगर चौकातला, दवाखान्याशेजारचा. मी आजही तयार. रु. म्हणे, "दिवाळी होऊ दे. घाई काहून करून राहिली?" बरं. ऐकलं तिचं.

१८ ऑक्टो., शनि.
रु. आली नाही, फराळाचं कारण. एकटीनेच सेंट लुईस केला. पापडासारखा पातळ, शंकरपाळ्यासारखे चौकोनी तुकडे. चांगला झाला. खायला मजा नाही आली.

२७ ऑक्टो., सोम.
हे बुटीबोरीहून ड्युटी करून आले ते विचारतच, "दुकान उघडलं अन् मले सांगतलंही नाही?" मला वाटलं थट्टा. चौकातल्या त्याच गाळ्यावर पाटी म्हणे. खरवड. खाली बारीक अक्षरात, अमेरिकन पिझ्झा.
चप्पल अडकवून तशीच गेले. गल्ल्यावर रु.चा दीर. बघून न बघितल्यासारखं केलं. रु. आत, ॲप्रनमध्ये.
"मी सांगणारच होती तुले."
कधी?
"भाऊजी म्हणाले, घरातल्या घरातच राहू दे. बाहेरचं कोणी नको."
बाहेरची. मी.
आणि नाव? "सुचलं असंच." तोंडावर खोटं बोलली. गाळा घे बाई, माझी चव घे, पण माझ्या आईच्या तोंडचा शब्द? फार लागलं.

२८ ऑक्टो., मंगळ.
पीठ भिजवलं, टाकून दिलं. हे म्हणतात, "पिझ्झासाठी रडून राहिली का तिच्यासाठी?" सांगता येईना. केसाने गळा कापला माझा. थांब म्हणाली तेव्हा ठरलेलंच असणार सगळं. मी मूर्खासारखी दिवाळी संपायची वाट बघत बसले.

८ नोव्हें., शनि.
रु. दारात. डोळे सुजलेले. ये म्हटलं, सवयीने.
"डेट्रॉइट मधून कच्चाच राहते वं. लोक परत देऊन राहिले. भाऊजी मलेच बोलतात. काय चुकून राहिलं?"
लगेच कळलं मला. पीठ ट्रेमध्ये पसरल्यावर पुन्हा फुगू द्यायचं असतं, ही घाई करत असणार. एका वाक्याचं काम. गिळलं ते वाक्य. आधी तिने एकदा तरी म्हणावं, चुकलं माझं. चहा दिला. प्यायली. चुकलं माझं, एवढं मात्र नाही म्हणाली.
उठताना म्हणाली, "उद्या येऊन दाखवशीन का? मागच्या दारानं ये पण. समोर गल्ल्यावर भाऊजी राहतात."
मागच्या दाराने! मी काही बोलायच्या आत चप्पल घालून जिना उतरलीसुद्धा. ते एक वाक्य माझ्यापाशीच राहिलं.