बोकडाची संमती

असोज ३

आज पुन्हा भांडण. बोकडावरून!

नवस बोलले हे, मला न विचारता. वैशाखात मी पोखऱ्याच्या दवाखान्यात ऑपरेशनच्या टेबलावर, आणि हे बाहेर बाकावर बसून देवीला सांगताहेत – माइलीला घरी परत आण, दसैंच्या नवरात्रात, अष्टमीला काळा बोकड देईन. मी आले परत. बोकडही आला. गोठ्यापाशी बांधलाय, माझ्या घेवड्याचा वेल ओरबाडतोय मेला.

सांगून टाकलं – माझ्या जिवापायी दुसऱ्याचा जीव नको. मी शिजवणार नाही, वाढणार नाही, खाणार नाही.

"इतकी वर्षं बोटं चाटून खाल्लंस ते?"

खाल्लं. नाही कुठे म्हणते? चांगलं लागायचं! पण आता नाही.

असोज ५

पंडिताच्या घरात भांडणसुद्धा शास्त्राला धरून. भात वाढता वाढता सुरू झालं.

हे म्हणाले, "देवीपुढे विधीनं केलेला वध तो वध नव्हेच. त्या जिवाला चांगली गती मिळते. स्पष्ट लिहिलंय."

मी म्हटलं, "कापणारा, हो म्हणणारा, शिजवणारी, वाढणारी, खाणारा – सगळे त्याच पापाचे धनी, हे पण लिहिलंय ना? तुम्हीच वाचून दाखवलंत!" दवाखान्यात मला करमावं म्हणून हे पोथी वाचायचे. आता भोगा.

"अगं, पुढे असंही आहे की खाण्यात दोष नाही. सोडलं तर मोठं पुण्य, एवढंच."

"मग मोठं पुण्य समोर असताना घोडं अडलंय कुठे? कोहळा कापा. शास्त्राला चालतो ना कोहळा?"

"बोकड बोलून कोहळा देऊ? देवी काय आंधळी आहे?" – ताट तसंच ठेवून उठले.

असोज ६

घटस्थापना झाली. जव पेरले. यांच्याशी बोलणं बंद.

असोज ९

खगेंद्र भाऊजी – माझे धाकटे दीर – येऊन बोकडाच्या पाठीवर हात फिरवून गेले. माया नव्हे, मांस चाचपत होते! "वहिनी, मसाला यंदा जरा सढळ हातानं." मी म्हटलं, "मसाला देते, भाऊजी, तुमचे तुम्ही शिजवा." तोंड बघण्यासारखं झालं.

ते गेल्यावर हे हळूच म्हणाले, "बोकड हो म्हणाल्याशिवाय आपण कापतो का? अंगावर पाणी शिंपडतो, त्यानं मान झटकली तरच. नाहीतर सोडून देतो. संमती घेतो आपण."

मी इतकी हसले की टाक्यांची जागा दुखली. "संमती! थंडगार पाणी कानात गेलं तर तुम्हीसुद्धा मान झटकाल! आजवर एक तरी बोकड नाही म्हणाला का?"

यांनी पंचांग उघडलं.

मग मलाच रडू आलं. दवाखान्यात मलाही विचारलं होतं – कापू का? कागद समोर धरला. मला नीट वाचता आलं असतं, पण भीतीनं अक्षरं दिसेनात. मी नुसती मान हलवली. ती माझी संमती. तेव्हापासून बोकडाकडे बघवत नाही, हे यांना कसं सांगू? – आज सांगितलं.

हे माझ्याजवळ सरकून बसले. मग म्हणाले, "माइली, नवस मोडला तर देवी कुणाला नेईल? तुलाच ना! ते टेबल मी विसरलेलो नाही." आवाज फुटला त्यांचा. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

आता यांच्यावर रागावू तरी कशी?

असोज १२

हरले. बोकड नेऊ देणार आहे. यांची भीती मला बघवत नाही. मी खाणार नाही, बस्स.

बोकडाला घेवड्याची पानं स्वतः तोडून घातली.

असोज १४, अष्टमी

आज लिहायलाच हवं!

सकाळी थर्मास सापडेना. ऐन कामाच्या दिवशी! यांना विचारलं तर म्हणे, "मला काय माहीत?" टेकडीवर चहा किटलीतून न्यावा लागला, वर जाईतो गार.

देवीच्या थानावर सारं गाव. दलबहादूर खुकुरी घेऊन उभा – बळी तोच देतो, पण बोकडानं मान झटकल्याशिवाय हात उचलत नाही. हे पूजेला बसले. संकल्प केला. माझ्या जिवाचा नवस, तर माझं नाव यायला हवं! यांनी स्वतःचंच गोत्र, स्वतःचंच नाव घेतलं, दोनदा. म्हातारे झालेत, चुकले असतील. लोकांत कुठे टोकू?

मग पूजेच्या पिशवीपाशी वळून लोटा भरला, पाणी शिंपडलं. मी डोळे मिटून घेतले.

काहीच नाही. डोळे उघडले तर बोकड उभा, जसाच्या तसा, देवीपुढची फुलं हुंगतोय.

पुन्हा शिंपडलं. नाही. तिसऱ्यांदा कानावर धार धरली. कान जरासा हलला – मान नाही!

दलबहादूरनं खुकुरी खाली ठेवली. "पंडित बाजे, देवीआईला नकोय हा."

खगेंद्र भाऊजी ओरडले, "अजून एकदा! अजून एकदा शिंपडा, दादा!"

"तीनदा झालं," हे म्हणाले. "रीत ती रीत."

दोरी सोडली. कोहळा कापला. मी तिथेच रडायला लागले. लोकांना वाटलं, नवस फिरला म्हणून रडतेय. नाही हो! छातीवरचा धोंडाच उतरला. देवीला नको होता! माझ्यासारखाच तिलाही नको होता!

असोज १५

सकाळपर्यंत गाढ झोपले. बोकड आपणहून घरी आलाय. भाऊजी रुसून सासुरवाडीला गेले, तिथे मटण आहे.

असोज १६, दशमी

यांनी मला टिळा लावला, कानावर जवाचे तुरे खोवले. "शंभर वर्षं जग." तीन-तीनदा म्हणाले. मी म्हटलं, "आता कसली भीती? देवीनं स्वतःच नको म्हटलंय ना!" हे टिळ्याचं ताट उचलून आत गेले.

असोज १७

थर्मास सापडला. यांच्या पूजेच्या पिशवीत, पंचांगाखाली दडवलेला. तळाशी थोडं पाणी, दूर्वेची एक काडी आणि चार अक्षता.

गरम पाणी नेलं होतं यांनी! कोमट धारेला बोकड मान कशाला झटकेल?

आणि माझं नाव चुकून राहिलं नव्हतं तर. देवीनं कोपून न्यायचंच, तर यांना न्यावं, मला नाही.

यांना काही विचारलं नाही. थर्मास घासला, चहा भरून यांच्यापुढे ठेवला. थर्मासकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि मान खाली घातली.

संध्याकाळी एकटीच टेकडी चढून गेले. दिवा लावला, आणि देवीला माझंही नाव सांगून आले.