सडकेवर कुरडया

३ एप्रिल, शुक्र.
आज सडक बंद झाली. बाजारातल्या गोलाईच्या चौकाकडं जाणारी, आमच्या दुकानापुढची. दोन्ही तोंडाला लोखंडी कठडे. मोटार न्हाई, रिक्षा न्हाई, निस्तं चालायचं. मधी बाकडी टाकली, कुंड्या मांडल्या. महापालिकावाले महिनाभर करून बघणार, मंग ठरवणार म्हणं. हॉर्न न्हाई म्हणून मला सकाळी जागच आली न्हाई. सून मीरा नाकापाशी हात धरून बघत होती. म्हणलं, हाय अजून, च्या टाक.
नात ऋतुजा लिहून राहिली. मी सांगीन तेच लिही, शहाणपणा करू नको. हेबी लिही.

५ एप्रिल, रवि.
समोर नूरबीचं बांगड्यांचं दुकान. मोटारसायकलवाल्यानं माझा गुडघा मोडला तवापासून मी सडक ओलांडली न्हाई. तिचे पाय सुजतात, तिला आमचा जिना चढवत न्हाई. मधी एवढीशी सडक, पण आमचं सगळं हातवाऱ्यावर. मी गॅलरीतून कप हलवला की च्या झाला का. तिनं कपाळावर हात मारला की सुनेचं काईतरी.
आज मीराचा हात धरून उतरले अन् गेले. नूरबी म्हणते, "अगे माय, तू इत्ती बुड्ढी कब हुई? उप्पर से तो जवान दिखती थी!" म्हणलं, तू मात्र वरून दिसतीस तेवढीच जाड हायस. हसता हसता दोघी रडलो.
रडलेलं खोड म्हणते तर ऋतुजा खोडत न्हाई.

८ एप्रिल, बुध.
भगवान फुगून बसलाय. माझा लेक, खालचं भांड्याचं दुकान त्याचंच. ऐन लग्नसराई. रेणापूरची पार्टी टेम्पो घेऊन आली, कठडा बघून माघारी गेली. रात्री जेवला न्हाई. "माय, तुला फिरायला सडक झाली, माझा धंदा बसला." महिना सरला की बैठक हाय. सडक उघडा म्हणून पहिला तोच उठणार, अन् बाकी दुकानदार त्याच्या मागं.
त्याचंबी खोटं न्हाई. पण सडक उघडली की मी परत गॅलरीत, अन् नूरबी परत कपाळाला हात लावून.
जाऊ दे. पुढचं मनात ठेव, लिहू नको.

१२ एप्रिल, रवि.
गहू भिजत घातले. गच्चीवर मला चढवत न्हाई, अन् खाली एवढी झाडलेली, उन्हाची सडक रिकामी पडून राहिली. शेजारणींना म्हणलं, औंदा कुरडया खाली. सगळ्या तयार. नूरबी म्हणते मैं कव्वे हकालती.

१५ एप्रिल, बुध.
काय सांगू. लिही जल्दी.
महापालिकेचे साहेब सडक बघायला येणार हे भगवानला ठावं होतं, पण रागात त्यानं घरात सांगितलंच न्हाई. साहेब आले, मागं फोटोवाले. अन् सडकेवर ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत लुगडी, लुगड्यांवर कुरडया. पाय ठिवायला जागा न्हाई. गव्हाचा चीक हाटायला भगवानच्या दुकानातलं मांडून ठिवलेलं नवं पातेलं घेतलेलं. त्यानं ते वळखलं, अन् त्याचं तोंड त्या पातेल्याच्या बुडासारखं काळं झालं.
"आजी, ही सडक लोकांसाठी मोकळी ठेवलीय," साहेब म्हणले.
"मंग आमी काय म्हशी हाव का?"
"चालायला जागा पाहिजे ना."
"चाला की कडंकडंनं. कुरडईवर पाय पडला तर बघा."
नूरबी काठी घेऊन उभीच होती. कावळा अन् साहेब, तिला दोन्ही सारखे.
मंग वाटीत गरम चीक दिला, वरून तेल. चीक खाल्ल्याबिगर कुरडईपासून कुणाला जाऊ देत न्हाईत. बाकड्यावर बसून साहेबानं दोन वाट्या खाल्ल्या. फोटोवाल्यांनीबी.
भगवान रागानं आत गेला. थोड्या वेळानं चीक संपला का म्हणून बघून गेला.

२१ एप्रिल, मंगळ.
रेणापूरवाले परत आले. टेम्पो कोपऱ्यावर लावला. भगवान स्वतः भांडी वाहून राहिला, सगळ्यात मोठं पातेलं पालथं डोक्यावर, गळ्यापर्यंत आत. नूरबी बाकड्यावरून सांगती, डावीकडं, भाऊ, डावीकडं! तो उजवीकडच्या कुंडीवर. पार्टीच्या बायका पदरात तोंड घालून हसल्या, अन् मंग नूरबीकडं बांगड्या भरायला बसल्या.
रात्री त्याच्या पाठीला तेल चोळलं. "रोज हे जमायचं न्हाई, माय." न्हाईच जमणार. पाठ त्याची हाय.

२ मे, शनि.
बैठक झाली. जाताना भगवाननं काई सांगितलं न्हाई. आल्यावरबी थेट आंघोळीला. मीरानं दाराबाहेरून विचारलं तवा म्हणला, पहिला मीच उठलो.
मी मीराला बाजूला सारून दाराला कान लावला.
"अन् काय म्हणलास?"
"सकाळच्याला टेम्पो येऊ द्या, मंग दिवसभर बंद ठिवा, असं म्हणलो."
दुकानदारांत दोन तट पडले. साहेब म्हणले, कळवतो.
सकाळच्याला म्हणजे कुरडया टाकायच्याच टायमाला. ते उद्या भांडू त्याच्याशी. आज त्याला दोन कुरडया जास्ती तळल्या.

३ मे, रवि.
महिना झाला. कुणी काई कळवलं न्हाई. सकाळी बघते तर कठडे बाजूला काढून आमच्या भिंतीला टेकवून ठिवलेले. परत लावायचेत का उचलून न्यायचेत, कुणालाच ठावं न्हाई. एक स्कूटर हळूच आत आली, नूरबीची काठी बघून माघारी फिरली.
मी खाली उतरले. दोन कठडे मीराकडून सडकेच्या मधी उभे करून घेतले, अन् त्यांच्यावर कुरडयांचं लुगडं धुऊन वाळत घातलं. न्यायला आले तर म्हणीन, वाळू द्या, बाबा. अन् तवर बसा, च्या पिऊ.